माडी: एका दिवसाच्या पेयाची कुळकथा

हातखंब्याच्या तिठ्यावर उभं राहिलं की कोकणात काय येतं आणि कोकणातून काय जातं ते समोर दिसतं. मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरीचा रस्ता इथे मिळतो, पुढे पालीला कोल्हापूरचा रस्ता फुटतो आणि आंबा घाट चढून देशावर जातो. बर्फातली मासळी, आंब्याच्या पेट्या, आमसुलं वर जातात. साखर, कांदे आणि छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमधल्या बिअरचे खोके खाली येतात. या वाहतुकीत एक पेय कधीच नसतं. ते इथून तासाभराच्या अंतरावर, खाडीकाठच्या माडांवर तयार होतं आणि दुसऱ्या दिवशी ते उरत नाही. ते पेय म्हणजे माडी.

पुण्या-मुंबईत हल्ली छोट्या ब्रुअरीची ताजी बिअर आवडीनं पितात. जिथे बनली तिथेच प्यायची, ऋतूप्रमाणे चव बदलते, मोठ्या कारखान्याच्या बाटलीसारखी ती वर्षभर एकसारखी लागत नाही. मला ही आवड मनापासून पटते. म्हणूनच सांगावंसं वाटतं की हे सगळे गुण कोकणच्या एका जुन्या पेयात आधीपासून आहेत.

माडाची पोय, म्हणजे फुलोरा, उमलण्याआधी बांधतात, रोज हलक्या हातानं ठोकतात आणि तिचं टोक कापत राहतात. काही दिवसांनी कापलेल्या जागेतून रस ठिबकू लागतो. सकाळ-संध्याकाळ वर चढायचं, टोकाची पातळ चकती कोयतीनं उडवायची, मडकं बदलायचं. चकती जाड गेली तर पोय लवकर संपते, फारच पातळ गेली तर रस आटतो. एका माडाचे दिवसाला साधारण एक ते दोन लिटर मिळतात, आणि त्या पोयीला नारळ धरत नाहीत. बागायतदाराला हा हिशेब आधी करावा लागतो.

रस झाडातून निघतो तेव्हा नुसता गोड असतो, त्यात दहा-पंधरा टक्के साखर असते. मडक्याला आतून चुना लावला तर तो तसाच राहतो, ती नीरा. चुना नसेल तर हवेतलं, पोयीवरचं आणि मडक्यात कालचं उरलेलं यीस्ट लगेच कामाला लागतं. आधीच्या दिवसाचं मडकं हे माडीचं विरजण आहे. काही तासांत अल्कोहोल चार-पाच टक्क्यांपर्यंत, म्हणजे बिअरइतकं चढतं. सोबतीला लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू असतात, त्यांच्यामुळे ती जिभेवर किंचित चुरचुरते. सकाळची माडी गोडसर, दुपारची कडक, आणि रात्र उलटली की व्हिनेगरकडे झुकलेली. बेल्जियममध्ये हवेतल्या यीस्टवर आंबवलेल्या लँबिक बिअरचं जगभर कौतुक होतं. तिला बॅरलमध्ये वर्षं लागतात. माडीला अर्धा दिवस पुरतो.

हे पेय किती जुनं? चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात ठाण्यात राहिलेल्या जॉर्डनस या ख्रिस्ती धर्मोपदेशकानं इथल्या झाडांतून निघणाऱ्या मद्याची नोंद केली आहे. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ऑर्ताच्या ग्रंथात माडाच्या रसाला ‘सूर’ हे नाव आहे. त्या रसापासून गाळलेली दारू, सिरका आणि गूळही त्यात येतो. गोव्यात आजही ‘सूर’च म्हणतात, आणि तांदळाच्या सान्नां फुगवायला तीच घालतात. पूर्वी पावाचं पीठही तिच्यावरच फुगायचं.

रत्नागिरीकडे हे काम भंडारी समाजाचं. याच किनाऱ्यावरच्या भंडाऱ्यांनी मराठी आरमारातही नाव काढलं. १६७९ मध्ये खांदेरी बेटावर इंग्रजांच्या नाकासमोर तटबंदी उभी केली ती मायनाक भंडारी यांच्या देखरेखीखाली. सरळसोट माडावर दोनदा चढउतार करणाऱ्या माणसाला डोलकाठीचं भय कसलं?

या पेयाला खरा धक्का बसला तो १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं. झाडावर कर त्याआधीही होते, मक्तेही होते. पण आता रस काढणं, गाळणं, विकणं, सगळं सरकारी परवान्याखाली आलं. चार्ल्स प्रिचर्ड या अबकारी अधिकाऱ्यानं ही व्यवस्था कडक केली. घरोघर गाळण्याऐवजी दारू मोठ्या भट्ट्यांत गाळायची आणि माडावर कर वाढवायचा, म्हणजे महसूल एका जागी मोजता येतो. सरकारच्या बाजूनं ते सोयीचं होतं. पाच-सात माडांवर जगणाऱ्या माणसाला मात्र तो कर झेपेना. मुंबईत गिरण्या उभ्या राहत होत्या, कोकणची माणसं तिकडे चालली होती, त्यांत माडावर चढणारे हातही गेले.

मग १९४९ चा दारूबंदी कायदा आला. ताजी माडी आणि गाळलेली दारू एकाच कलमाखाली आल्या. पुढे बंदी सैल झाली, १९६८ मध्ये ताडी-माडीच्या दुकानांचे आणि झाडांचे स्वतंत्र नियम झाले. पण सूत्र दुकानाच्या हाती राहिलं. झाडं कमी, चढणारे कमी, आणि दुकानात माल रोज हवा. यातूनच क्लोरल हायड्रेट मिसळलेली बनावट ताडी निघाली. तिनं माणसं मारली आणि खऱ्या माडीचं नाव घालवलं. मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत क्लेशकारक पान हेच वाटतं, कारण ताज्या रसात मिसळायची काही गरजच नसते.

याच राज्यात, याच कायद्याखाली, २००९ मध्ये पुण्यात डूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाली. बनवायची आणि त्याच छताखाली ग्लासात द्यायची, असा मायक्रोब्रुअरीचा परवाना मिळाला आणि एक दार उघडलं. नंतर पुण्यात इंडिपेन्डन्स आली, मग ग्रेट स्टेट एलवर्क्स. ग्रेट स्टेटनं कोकम आणि मीठ घालून बिअर काढली, ती आमच्याकडच्या आमसुलाच्या सरबताची थेट आठवण देते. कोकणचं फळ घाट चढून गेलं, त्याची बिअर झाली, लोकांनी वाखाणली. त्याचा आनंदच आहे.

महामार्गावरच्या गावाला आणखी एक नियम लागला. डिसेंबर २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. मार्च २०१७ मध्ये वीस हजारांहून कमी वस्तीच्या गावांसाठी ते अंतर २२० मीटर झालं. वाहनचालकांच्या जिवासाठी ते योग्यच आहे. माडीला त्यानं फारसं बिघडत नाही, तिची जागा महामार्गापासून दूर, भाट्याच्या खाडीकडच्या आगरांत आहे. त्याच भाट्ये गावात कोकण कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र आहे, बाणवली आणि प्रताप जातींची रोपं तिथून गावोगाव गेली. झाडं आहेत, त्यांचं शास्त्रही इथेच आहे.

हवा आहे तो माडाच्या मुळाशी विकण्याचा परवाना. पुण्यातल्या ब्रुअरीला जसं स्वतःच्या टाकीतलं पेय स्वतःच्या टेबलावर देता येतं, तसं नोंदणी केलेल्या आठ-दहा माडांचा रस काढणाऱ्याला तो आपल्या अंगणात, त्याच दिवशी, तपासणीखाली विकता यावा. क्रमांक घातलेलं झाड, चुन्याविना स्वच्छ मडकं, आणि संध्याकाळी उरलेल्याचा सिरका. तरुण पोरगा माडावर चढायला शिकेल तो तेव्हाच, जेव्हा सकाळी उतरवलेल्या मडक्याचा पूर्ण दाम त्याच्याच हातात पडेल.