बेसबॉल : २००४ च्या हंगामातील विक्रम आणि खेळाडूंची अदलाबदल

अमेरिका आणि कॅनडातील ३० संघांचा सहभाग असलेल्या मेजर लीग बेसबॉलचा २००४ चा हंगाम वैयक्तिक विक्रमांनी गाजला. मात्र बॉस्टन रेड सॉक्स संघाने ८६ वर्षांनंतर विजेतेपद कसे मिळवले, हे विक्रमांच्या यादीवरून कळत नाही. त्यासाठी त्या वर्षी झालेले आणि फिसकटलेले खेळाडूंचे व्यवहार पाहावे लागतात.

अमेरिकी बेसबॉलमध्ये करारबद्ध खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन त्याच्या मोबदल्यात अन्य खेळाडू घेण्याची प्रथा जुनी आहे. मोजके ज्येष्ठ खेळाडू वगळता यासाठी खेळाडूची संमती लागत नाही. २००४ मध्ये अशा व्यवहारांची मुख्य मुदत ३१ जुलै ही होती.

फिसकटलेला करार

टेक्सास रेंजर्सचा ॲलेक्स रॉड्रिगेझ हा त्या काळातील सर्वांत महागडा खेळाडू होता. डिसेंबर २००० मध्ये त्याच्याशी १० वर्षांसाठी २५ कोटी २० लाख डॉलरचा करार झाला होता. डिसेंबर २००३ मध्ये त्याला मिळवण्यासाठी बॉस्टनने आपला प्रमुख फलंदाज मॅनी रामिरेझ टेक्सासला देण्याची तयारी केली. रॉड्रिगेझ मानधनात कपात स्वीकारण्यास राजी होता. परंतु खेळाडूंच्या संघटनेने या कपातीस नकार दिला आणि व्यवहार बारगळला.

फेब्रुवारी २००४ मध्ये बॉस्टनचा कट्टर प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क यँकीज संघाने अल्फोन्सो सोरियानोच्या मोबदल्यात रॉड्रिगेझला आपल्याकडे आणले. तेथे शॉर्टस्टॉपची जागा कर्णधार डेरेक जेटरकडे असल्याने रॉड्रिगेझला तिसऱ्या बेसवर उभे राहावे लागले. बॉस्टनच्या चाहत्यांना ही हार जिव्हारी लागली. ॲरिझोना डायमंडबॅक्सकडून कर्ट शिलिंग हा नामवंत पिचर संघात आला होता, एवढाच त्यांना दिलासा होता.

लाडक्या खेळाडूची पाठवणी

या साऱ्यात नोमार गार्सियापारा दुखावला गेला. १९९९ आणि २००० मध्ये अमेरिकन लीगमध्ये सर्वोत्तम फलंदाजी सरासरी नोंदवणारा हा शॉर्टस्टॉप बॉस्टनवासीयांच्या गळ्यातील ताईत होता. रॉड्रिगेझ आला असता, तर त्याला जावे लागले असते, हे त्याच्यापासून लपलेले नव्हते. त्यात दुखापतीची भर पडली. ३१ जुलै रोजी महाव्यवस्थापक थिओ एपस्टीन यांनी चार संघांच्या एकत्रित व्यवहारात त्याला शिकागो कब्जकडे धाडले. बदल्यात मॉन्ट्रियल एक्सपोजचा ऑर्लांडो कॅब्रेरा आणि मिनेसोटा ट्विन्सचा डग मिंटकेविच हे दोन क्षेत्ररक्षक मिळाले. नावाच्या तुलनेत मोबदला तुटपुंजाच होता, आणि तशी टीकाही झाली.

त्याच दिवशी लॉस एंजेलिस डॉजर्सकडून डेव्ह रॉबर्ट्स हा चपळ धावपटू बॉस्टनमध्ये दाखल झाला. त्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

विक्रमवीर

सिअ‍ॅटल मरिनर्सच्या इचिरो सुझुकीने हंगामात २६२ हिट्स नोंदवून जॉर्ज सिस्लरचा १९२० पासून अबाधित असलेला २५७ हिट्सचा विक्रम १ ऑक्टोबर रोजी मागे टाकला. ॲरिझोनाच्या रँडी जॉन्सनने १८ मे रोजी अटलांटा येथे वयाच्या ४० व्या वर्षी ‘परफेक्ट गेम’ साधला, म्हणजेच प्रतिस्पर्ध्यांच्या सलग २७ फलंदाजांपैकी एकालाही बेसवर पोहोचू दिले नाही. दैवदुर्विलास असा, की सिअ‍ॅटल ९९ सामने हरून आपल्या गटात तळाला राहिला, तर ॲरिझोनाने तब्बल १११ सामने गमावले.

सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या बॅरी बाँड्सने १७ सप्टेंबर रोजी कारकिर्दीतील ७०० वा होमरन फटकावला. त्याची धास्ती एवढी होती, की त्याला फटका मारण्याची संधी देण्यापेक्षा १२० वेळा हेतुपुरस्सर पहिला बेस बहाल करण्यात आला. मात्र त्याच्या पराक्रमावर उत्तेजक द्रव्यांच्या आरोपांचे सावट कायम राहिले. ग्रेग मॅडक्सने ३०० वा विजय, तर केन ग्रिफी ज्युनियरने ५०० वा होमरन याच हंगामात साजरा केला.

दुसरीकडे, मॉन्ट्रियल एक्सपोज संघाचा हा अखेरचा हंगाम ठरला; २००५ पासून तो वॉशिंग्टन नॅशनल्स या नावाने खेळू लागला.

ऑक्टोबरमधील चार रात्री

अमेरिकन लीगच्या निर्णायक मालिकेत यँकीजने पहिले तिन्ही सामने जिंकले. तिसऱ्या सामन्यात तर बॉस्टनचा १९-८ असा धुव्वा उडाला. १७ ऑक्टोबरच्या चौथ्या सामन्यात नवव्या डावात यँकीज ४-३ ने पुढे होते आणि पिचर होता मारियानो रिवेरा. बॉस्टनच्या केव्हिन मिलारला मोफत पहिला बेस मिळाला आणि त्याच्या जागी धावण्यासाठी रॉबर्ट्स उतरला. तो काय करणार, हे मैदानातील प्रत्येकाला ठाऊक होते. तरीही पहिल्याच चेंडूवर त्याने दुसरा बेस चोरला आणि बिल म्युलरच्या फटक्यावर बरोबरीची धाव घेतली. बाराव्या डावात डेव्हिड ऑर्टिझच्या होमरनने सामना खिशात घातला.

बॉस्टनने उर्वरित तीनही सामने जिंकले. तीन पराभवांनंतर सात सामन्यांची मालिका जिंकण्याचा हा मेजर लीगमधील पहिलाच प्रसंग होता. सहाव्या सामन्यात शिलिंग घोट्याला टाके घातलेल्या अवस्थेत खेळला. त्याच्या मोज्यावर उमटलेले रक्त दूरचित्रवाणीवर साऱ्या देशाने पाहिले. जागतिक मालिकेत बॉस्टनने सेंट लुईस कार्डिनल्सला ४-० असे नमवले आणि १९१८ नंतर प्रथमच विजेतेपद पटकावले. मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला तो मॅनी रामिरेझ, ज्याला दहा महिन्यांपूर्वी टेक्सासला धाडण्याचे ठरले होते. रॉबर्ट्स मात्र त्या मालिकेत एकदाही मैदानात उतरला नाही. डिसेंबरमध्ये त्याला सॅन डिएगो पॅड्रेसकडे देण्यात आले.

२७ ऑक्टोबर रोजी कार्डिनल्सचा अखेरचा फलंदाज बाद झाला, तेव्हा चेंडू पहिल्या बेसवरील मिंटकेविचच्या हाती होता. तो चेंडू त्याने स्वतःजवळ ठेवला. जानेवारी २००५ मध्ये त्याची रवानगी न्यूयॉर्क मेट्सकडे झाली आणि चेंडूच्या मालकीचा वाद न्यायालयापर्यंत गेला. अखेर २००६ मध्ये तो कूपर्सटाउन येथील बेसबॉल हॉल ऑफ फेमला देण्याचे ठरले.