पालवणकर बाळू

पालवणकर बाळू (१९ मार्च १८७६ – ४ जुलै १९५५) हे भारतीय क्रिकेटपटू होते. धारवाड येथे चर्मकार कुटुंबात जन्मलेले हे डावखुरे फिरकी गोलंदाज, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातून पुढे आलेले पहिले नामवंत क्रिकेटपटू मानले जातात.

कारकीर्द

पुण्यातील युरोपीयांच्या क्लबात बाळू मैदानाची देखभाल करीत आणि जे. जी. ग्रेग यांसारख्या फलंदाजांना सरावासाठी गोलंदाजी टाकीत. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना सामन्यांत घेतले. मात्र त्यांना चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या भांड्यात दिला जाई व जेवणासाठी निराळे बसविले जाई. मुंबईस आल्यावर ते हिंदू जिमखान्याकडून खेळले. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपीय संघाला १०९ धावांनी हरविले; त्या विजयात त्यांच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ बळी आहेत.

कर्णधारपदाचा प्रश्न

संघातील सर्वांत यशस्वी गोलंदाज असूनही जातीमुळे बाळूंची कर्णधारपदी नेमणूक झाली नाही. १९२० मध्ये ते उपकर्णधार झाले. १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे हिंदू संघाचे कर्णधारपद आले.

राजकारण व वारसा

१९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबईतून काँग्रेसतर्फे उभे राहिलेल्या बाळूंचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पराभव केला. इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्या लेखनामुळे बाळूंचे कार्य नव्या पिढीपुढे आले.