नाच्या, स्त्रीपार्टी, मावशी (बोलीतील शब्द)

पुरुषाने बाईचे सोंग घेण्याच्या मराठी परंपरेतून रोजच्या बोलण्यात उतरलेले शब्द. रायगड किनाऱ्यावर, उरण धरून, शिमग्याला लुगडे नेसलेली सोंगे निघतात. खाली रत्नागिरीकडच्या नमन-खेळ्यांत आणि देशावरच्या तमाशात याच सोंगाच्या ठरीव भूमिका झाल्या आणि भूमिकांची नावे पुढे माणसांना चिकटली.

तमाशाच्या गौळणीतली ‘मावशी’ ही मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची म्होरकी. कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या वाट अडवून दाण मागतात, मावशी फटकळपणे त्यांची जिरवते. काम अर्थातच पुरुषाचे. डोक्यावरून उपरणे पदरासारखे ओढले की पुष्कळदा तेवढ्यावर भागते. बायकी हावभावांच्या पुरुषाला ‘मावशी’ म्हणून चिडवतात, तर तृतीयपंथी व्यक्तीला हाक मारताना हाच शब्द आदराने येतो. वेंधळ्याला ‘पेंद्या’ म्हणतात तेही इथलेच.

‘नाच्या’ची कथा अधिक कडू आहे. फडावर बायका नव्हत्या तेव्हा त्यांच्या जागी नाचणारा मुलगा म्हणजे ‘नाच्या पोऱ्या’. शाहीर पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळा हिवरगावकर नाचू लागली आणि हळूहळू बायकांचे नाच बायकांकडेच गेले. नाच्याकडे उरल्या मुरकण्या आणि विनोद. तमाशापटांतून गणपत पाटलांनी हे पात्र घरोघरी नेले. ‘आत्ता गं बया!’ हा उद्गार लोकांच्या तोंडी बसला, आणि ‘नाच्या’ ही शिवी झाली. आनंद यादवांच्या कादंबरीवरील ‘नटरंग’ (२०१०) या चित्रपटात नाच्या झालेल्या कुस्तीगीर गुणाला हीच शिवी जन्मभर पुरते.

संगीत नाटकातला ‘स्त्रीपार्टी’ मात्र अब्रूने राहिला. ‘पार्ट’ करणारा तो पार्टी, जसा ‘राजापार्टी’. भाऊराव कोल्हटकर, पुढे बालगंधर्व (१८८८–१९६७) यांची कीर्ती स्त्रीभूमिकांवरच उभी आहे. बालगंधर्वांच्या नेसण्याची नक्कल घरंदाज बायका करत आणि १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. अभिनय तोच, लुगडे तेच. फरक तिकीट कोण काढतो याचा. शब्दाची पत प्रेक्षकाच्या जातीवर आणि वर्गावर ठरली, असे म्हणायला हरकत नाही.

शब्द कोणी घडवले या बाबतीत न्यूयॉर्कच्या हार्लेममधील बॉलरूममध्ये, म्हणजे नटूनथटून होणाऱ्या स्पर्धांत, उलटे घडले. ‘शेड’ (आडून टोमणा), ‘रीडिंग’ (तोंडावर उणे काढणे) हे शब्द तिथल्या कृष्णवर्णीय व लॅटिनो कलावंतांनी आपापसात रुळवले आणि ‘पॅरिस इज बर्निंग’ (१९९०) या माहितीपटाने ते बाहेर पोचवले. ‘नाच्या’ हे नाव मात्र बघणाऱ्यांनी ठेवलेले. मुंबई-ठाण्यातील तृतीयपंथी समुदायाने आपापसात वापरलेले ‘कोती’ (बायकी वळणाचा पुरुष), ‘पंथी’ (त्याचा पुरुषी जोडीदार), ‘गुरू-चेला’ हे शब्द रंगमंचावरून आलेले नाहीत. त्यांची नोंद स्वतंत्र करावी लागते.