स्पष्टवक्ता आणि फटकळ

निर्भीड बोलण्यासाठी ग्रीकांकडे 'पारेसिया' हा एकच शब्द होता. अर्थ, सारे काही बोलणे. मिशेल फुको यांनी १९८३ साली बर्कली येथील व्याख्यानांत त्याला एक अट जोडलेली दिसते : बोलणाऱ्याने धोका पत्करलेला असावा. म्हणून हुकूमशहा पारेसिया करू शकत नाही. त्याला गमावण्यासारखे काही नसते.

मराठीत मात्र शब्द अनेक. सरदार बोलला तर तो 'स्पष्टवक्ता', मोलकरीण तेच बोलली तर 'फटकळ'. आमच्या मते हे शब्द बोलण्याहून बोलणाऱ्याची पायरीच अधिक मोजतात. धोका ज्याला अधिक, त्याच्या वाट्याला हिणकस शब्द!

शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर यांचे गाव. २०१८ चा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. ज्या तमाशासाठी त्यांनी लिहिले, त्यात 'फटकळ'पणालाच मान आहे. गौळणीतली मावशी प्रत्यक्ष कृष्णाला सुनावते. वगातला सोंगाड्या राजाची फजिती करतो, तीही पुष्कळदा ऐनवेळी सुचलेल्या शब्दांत.

१९५४ मध्ये मुंबई राज्यात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आले आणि संहिता आधी तपासून घेणे भाग पडले. पण हजरजबाबाची संहिता कुठून आणणार? धोका नको म्हणून सोंगाड्या तपासलेलेच बोलू लागला, तर हशा पिकेल. फुकोंची अट मात्र पुरी होणार नाही.