श्रावणातल्या गहाणचिठ्ठ्या

मंडळासाठी जुन्या वाड्यांतले कागद गोळा करत होतो, तेव्हा आमच्याच घरातला एक पत्र्याचा डबा उघडला. आत दागिन्यांच्या गहाणाच्या अकरा चिठ्ठ्या निघाल्या. सोनी गुजराती, त्यामुळे सगळ्या गुजरातीत: दागिना, वजन, रक्कम, व्याज, तिथी. संवत २०२३ ते २०३१, म्हणजे १९६७ ते १९७५. मला सोन्याच्या भावावर लिहायचं होतं, म्हणून आधी वजनं आणि रकमा उतरवून घेतल्या. तिथ्यांकडे लक्ष नंतर गेलं. अकरापैकी आठ चिठ्ठ्या श्रावण वद्यातल्या होत्या.

वडोदऱ्यात राहणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. गुजरातेत सातम-आठमला, म्हणजे गोकुळाष्टमीच्या आगेमागे, पैसे लावून पत्ते खेळायची जुनी रीत आहे. गायकवाडीत येऊन स्थिरावलेल्या आपल्या घरांपैकी काहींनी तीही उचलली. बहुतेकांचं चार आण्यांत सुरू होऊन चार आण्यांत संपायचं. माझ्या काकांचं संपलं नाही.

काकू आज पंच्याऐंशीच्या आहेत. त्यांना विचारूनच हे लिहितो आहे. चिठ्ठ्या समोर ठेवल्या तर म्हणाल्या, "अरे, पाठीमागे बघ ना." आठ चिठ्ठ्यांच्या मागे आजोबांच्या अक्षरात एकच शब्द होता, 'सोडवले'. "मामंजी दरवेळी सोडवून आणायचे. मला वाटायचं, सुटलो. ह्यांना वाटायचं, पाटी कोरी झाली, आता पुन्हा मांडू."

या एका वाक्यामुळे मी लीळाचरित्र पुन्हा काढलं. भडोच आपल्यापासून फार लांब नाही. तेराव्या शतकात तिथल्या एका प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव, म्हणजे पुढचे चक्रधरस्वामी, द्यूताच्या नादी लागला होता, ही कथा त्यात येते. मोठी रक्कम हरल्यावर देणं चुकवायला त्याने पत्नीकडे दागिने मागितले, तिने दिले नाहीत. देणं पुढे वडिलांनी भागवलं, असं परंपरा सांगते. मग त्याला संसाराचा वीट आला, रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने त्याने घर सोडलं आणि ऋद्धिपूरला गोविंदप्रभू भेटले. महानुभाव पंथीयांसाठी ही अवताराची लीळा आहे, मी त्या श्रद्धेत शिरत नाही. जुगार घरात आला की कोण कसं वागतं, एवढंच बघतो. व्याख्यानांत पत्नीचा नकार आणि विरक्ती यांवरच भर असतो. देणं भागवणाऱ्या बापाकडे कुणी वळून बघत नाही. आमच्या डब्यात मात्र तोच आठ वेळा भेटला. आणि दर माणसाला गोविंदप्रभू भेटत नाहीत.

याच्या अगदी उलटं चित्र ऋग्वेदात आहे. दहाव्या मंडलातलं चौतिसावं सूक्त जुगाऱ्याचं आहे. आता जायचं नाही असं तो ठरवतो, फाशांचा आवाज कानी पडतो आणि जातो. बायको दुरावते, सासू राग राग करते, कर्जाच्या भीतीने तो रात्री दुसऱ्यांच्या घरी जातो. आणि आईबाप, भाऊ म्हणतात की हा कोण आम्हाला ठाऊक नाही, बांधून न्या. म्हणजे एका घराने हात झटकले, दुसऱ्याने कर्ज फेडलं. आपल्या समाजात अजून बहुधा हेच दोन मार्ग चालतात.

कायद्यानेही तिसरा मार्ग दिला नाही. मुंबई प्रांताचा १८८७ चा जुगारबंदी कायदा मुख्यतः अड्ड्याकडे बघतो. श्रावणात इथल्या वर्तमानपत्रांत 'जुगारधामा'वर छाप्याच्या बातम्या येतात. पकडलेल्या माणसाचं पुढे काय झालं, हे त्यांत नसतं.

हा आजार आहे असं वैद्यकाने उशिराच मान्य केलं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत तो १९८० साली आला आणि २०१३ मध्ये दारू-अमली पदार्थांच्या व्यसनांशेजारी बसला. लक्षणं वाचताना मला काकाच दिसले. तीच मजा यायला डाव मोठा करत जाणं. थांबायचं ठरवून न थांबता येणं, थांबलं की चिडचिड. गेलेले पैसे काढायला दुसऱ्या दिवशी परत जाणं. किती गेले, याबद्दल खोटं बोलणं. आणि पैशांच्या ओढगस्तीतून सोडवायला इतरांवर विसंबणं. हे शेवटचं लक्षण वाचून मी जरा वेळ थांबलो. आजोबांना आपण मुलाला वाचवतो आहोत असं वाटत होतं.

यातल्या चार-पाच गोष्टी दोन वर्षांपूर्वी भाच्यात दिसल्या. पत्ते नव्हते, फोन होता. पगार पाच तारखेला संपलेला, तीन ठिकाणचं कर्ज, बाथरूममध्ये तासभर फोन. बहीण ठेव मोडायला निघाली होती. काकूंनी अडवलं. "मोडू नकोस. आधी त्याला डॉक्टरकडे ने."

सयाजी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात गेलो. व्याख्यान झोडलं जाईल अशी भाच्याची समजूत होती, तसं काही झालं नाही. सगळी देणी एका कागदावर लिहून काढायला सांगितली, लपवलेलीसुद्धा. पगाराचं खातं काही काळ बहिणीच्या हाती दिलं. ती फेडते, पण त्याच्याच पगारातून, हप्त्याने. ठरलेल्या दिवशी समुपदेशन. मध्ये एकदा घसरला, परत गेला. जीव द्यावासा वाटतो का, हे डॉक्टरांनी त्याला पहिल्याच दिवशी सरळ विचारलं. आम्ही घरात कुणी विचारलं नव्हतं, आणि उत्तर 'हो' होतं.

ज्यांच्या घरी असं काही चालू आहे, त्यांनी १४४१६ हा 'टेली-मानस'चा नंबर लिहून ठेवावा. सरकारी आहे, मोफत आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत आणि गुजरातीत बोलता येतं. घरच्यांनी केला तरी चालतो. १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेल्या गॅम्बलर्स ॲनॉनिमसची वीस प्रश्नांची यादीही आहे. ती स्वतःशी खरं बोलायला उपयोगी पडते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राचा बंदीचा कायदा आला, पण ओढ कायद्याने जात नाही, हे श्रावणातले छापे दरवर्षी दाखवतात.

चिठ्ठ्या मंडळाच्या संग्रहात दिल्या आहेत, नाव झाकून. आजोबा १९७३ मध्ये गेले. नंतरच्या तीन चिठ्ठ्यांच्या मागे काही लिहिलेलं नाही. त्या पाटल्या सोन्याच्या दुकानातच राहिल्या.