कमवा आणि शिका : साताऱ्याच्या एका हायस्कुलाची हकीकत

मी कामगार चळवळीतला माणूस. व्याख्यानाला बोलावले की मी संपावर, बोनसवर किंवा फार तर गिरण्यांच्या इतिहासावर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज मी एका हायस्कुलातील विद्यार्थ्यांविषयी बोलणार आहे. माझे स्वतःचे शालेय शिक्षण नववीच्या वर्गात संपले. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतील दोन कपाटांतून. त्यामुळे शिक्षणशास्त्र मला कळत नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. पण कोण किती राबला आणि त्या राबण्याचे पैसे कोठे गेले, हा हिशेब मला बऱ्यापैकी कळतो, आणि ज्या शाळेविषयी बोलायचे आहे तिच्या इतिहासाला हाच हिशेब लावून पाहण्यासारखा आहे.

शाळकरी मूल काम करते असे ऐकले की आमच्यासारख्याच्या कपाळाला आठी पडते. तिला कारण आहे. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात घेण्यास बंदी केली; म्हणजे सात वर्षांचे पोर नऊ तास राबवायला मोकळीक ठेवली! १८९१ साली ही मर्यादा नऊ वर्षांवर आली आणि तास सात झाले. १९२२ पासून बारा वर्षांची अट आली, तास सहा झाले. या मुलांना ‘हाफ टायमर’ म्हणत. नाव असे की ऐकणाऱ्याला वाटावे, उरलेला अर्धा वेळ मूल पाटी घेऊन बसत असेल. पाटी बहुतेकांच्या वाट्याला आलीच नाही. तेव्हा ‘कमवा आणि शिका’ हे शब्द मी प्रथम ऐकले त्या वेळी मनात म्हटले, यातले ‘कमवा’ खरे असणार, ‘शिका’ हे पाटीवर रंगवण्यापुरते असेल.

माझी ही समजूत ज्यांनी मोडली ते आमच्या युनियनचे एक जुने सभासद होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. १९४० नंतरच्या दशकात ते साताऱ्याच्या महाराजा सयाजीराव हायस्कुलात शिकले होते. त्यांचे बोलणे आणि माझे वाचन यांतून ही हकीकत जुळवली आहे.

शाळेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव येथे कोणाला ठाऊक नाही असे नाही. पण त्यांच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढचे उलगडत नाही. कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहून ते शिकत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर, विटाळ झाला, आंघोळ करून आत ये, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी आंघोळ करण्याचे नाकारले आणि बोर्डिंग सुटले. त्यांचे शिक्षण इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाही. पुढे किर्लोस्करांचे नांगर, ओगल्यांची काच अशा मालाची विक्री करीत ते खेडोपाडी हिंडले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली. १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे बोर्डिंग सुरू झाले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले.

आता प्रश्न असा की, बोर्डिंग होते तर हायस्कूल कशाला हवे होते? याचे उत्तर फीच्या पावतीत आहे. चौथीपर्यंतची शाळा थोड्याफार मोठ्या गावात असे. हायस्कूल मात्र शहरात. खेड्यातल्या पोराला तेथे दोन खर्च पडत. एक राहण्याखाण्याचा, दुसरा फीचा. पहिला खर्च बोर्डिंगने उचलला. गावोगाव मूठमूठ धान्य गोळा करून, उधार-उसनवार करून मुलांचे ताट भरले. कोठीत दाणा उरला नाही तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडायला दिले. १९३० साली त्या वारल्या. बोर्डिंगच्या इतिहासात भाऊरावांचे नाव जितक्या वेळा येते तितक्या वेळा या बाईचे येत नाही, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. असो. ताटाची सोय झाली तरी फी राहिलीच. आणि फी ही मूठमूठ ज्वारीने भरता येत नाही, ती रोख लागते.

म्हणून १९४० साली संस्थेने स्वतःचे हायस्कूल काढले. आदल्याच वर्षी बडोद्याचे सयाजीराव महाराज निवर्तले होते. १९०६ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करणाऱ्या या राजाचे नाव शाळेला दिले, ते शोभलेही. शाळा निवासी आणि फी मुळीच नाही. फीच्या जागी काय, तर काम.

हे काम कसले? माळरानावरचे दगड वेचून, फोडून त्याचे शेत करायचे. विहीर खणायची. भाजीचे वाफे लावायचे. इमारतीसाठी दगडमाती वाहायची. दळण, सरपण, पाणी, स्वयंपाक हे तर रोजचेच. मुलांच्या तुकड्या पाडलेल्या असत आणि पाळी ठरलेली असे. अण्णा सांगत, पहाटे कुदळ, नंतर शाळा, संध्याकाळी पुन्हा वाफ्यांना पाणी, आणि रात्री कंदिलाभोवती अभ्यास. ‘दुपारच्या भूमितीला अर्धा वर्ग पेंगायचा,’ हेही ते हसत सांगत. मला वाटते हे पेंगणे आपण विसरू नये. थोर माणसाच्या चरित्रात कुदळ येते, घाम येतो, पेंगणारा मुलगा मात्र सहसा येत नाही.

पण कुदळीपेक्षा अवघड काम होते ते चुलीपाशी. मराठा, माळी, धनगर, महार, मांग, मुसलमान, जैन अशी मुले एका स्वयंपाकघरात राबत व एका पंगतीत बसत. आज हे वाक्य आपण सहज ऐकतो. अण्णा पहिल्या सुट्टीत घरी गेले तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, ‘तिथं भाकरी कोण थापतं रं?’ अण्णांच्या तुकडीत भाकरी उत्तम थापणारा मुलगा महारवाड्यातला होता. अण्णा आईला म्हणाले, ‘बामण आचारी हाय.’ ही थाप त्यांनी तीन वर्षे निभावली. चौथ्या वर्षी तोच मित्र सुट्टीत त्यांच्या घरी आला. आईने त्याचे गाव, आडनाव विचारले आणि गप्प राहिली. जेवायला दोघांना बाहेर सोप्यात वाढले. पण दोघांना एकत्र वाढले. अण्णा म्हणत, ‘मॅट्रिकचा निकाल मला आठवत नाही, ते जेवण आठवतं.’

आता माझा हिशेब. गिरणीतल्या हाफ टायमर पोराने काढलेले सूत मालकाचे होत असे. येथे मुलांनी पिकवलेली भाजी त्यांच्याच आमटीत पडे, उपसलेल्या दगडांच्या भिंतीआड तीच मुले झोपत. नफा घेऊन जाणारा कोणी तिसरा नव्हता. एवढ्यावरून माझी पहिली शंका फिटली. आणखी एक फरक आहे. गिरणीतले पोर मोठे झाले की गिरणीतच मोठे होई. फार तर साच्यावर जाई. साताऱ्याची कुदळ धरलेली मुले शिक्षक झाली, वकील झाली. याच बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही.

काही लोक साताऱ्याची ही पद्धत आणि १९३७ साली वर्ध्याला मांडलेली गांधीजींची नई तालीम एकच समजतात. माझ्या मते त्यांत अंतर आहे. वर्ध्याला टकळीतून गणित आणि भूगोल शिकवायचा होता. साताऱ्याला गणित पुस्तकातलेच होते, तेच सरकारी अभ्यासक्रमाचे, तीच मॅट्रिकची परीक्षा. कुदळीने फक्त त्या वर्गाचे दार उघडायचे होते. अमेरिकेत बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ साली टस्कीगीला काढलेल्या शाळेत निग्रो विद्यार्थ्यांनी स्वतः विटा भाजून इमारती उभ्या केल्या. साताऱ्याचे नाते त्या विटांशी अधिक जवळचे दिसते.

तरीही माझी एक शंका शिल्लक आहेच. जिल्ह्यातील ज्या मुलाच्या बापाकडे फी होती, त्याला दुसऱ्या हायस्कुलात दुपारी पेंग येण्याचे कारण नव्हते. श्रमाची प्रतिष्ठा हा धडा इतका मोलाचा होता तर तो त्यालाही का दिला गेला नाही? याचा जाब मी भाऊरावांना विचारीत नाही. त्यांनी सरकारची वाट पाहिली असती तर अण्णा जन्मभर गुरे राखत बसले असते. जाब विचारायचा तो ज्यांच्या तिजोरीत पैसा होता त्यांना. १९५९ साली, भाऊराव वारले त्याच वर्षी, यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने कमी उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांना फीमाफी दिली. तोपर्यंत रयतेच्या माध्यमिक शाळा शंभरावर गेल्या होत्या. फी गेली तशी कुदळीची गरजही हळूहळू कमी झाली. शाळांतून ‘कार्यानुभव’ नावाचा तास आला. माझ्या मुलीने त्या तासाला कागदाची फुले केली. महाविद्यालयांत मात्र भाऊरावांच्या नावाची ‘कमवा व शिका’ योजना अजून चालते, आणि गरीब मुलेमुली तिच्यावर वर्ष काढतात.

येथे मला कायद्याची एक गंमत दाखवायची आहे. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. तो आठवीपाशी थांबतो. २०१६ साली बालकामगार कायदा दुरुस्त झाला आणि चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी झाली. घरच्या धंद्याची पळवाट ठेवून का होईना, झाली. चौदा पुरी झाली की धोक्याची कामे सोडून बाकी मोकळे. म्हणजे शिकण्याचा हक्क जेथे संपतो नेमकी तेथेच राबण्याची मुभा सुरू होते. नववी आणि दहावी, ज्यांना आपण माध्यमिक शिक्षण म्हणतो, ती दोन वर्षे या दोन कायद्यांच्या मधल्या बोळात उभी आहेत.

मी शाळा सोडली ती याच बोळात. वडिलांचे काम सुटले, फी थकली, आणि हेडमास्तरांनी वर्गासमोर उभे करून थकबाकीचा आकडा वाचला. दुसऱ्या दिवशी मी एका वर्कशॉपात झाडू मारायला लागलो. कुदळ घे आणि शीक, असे मला त्या दिवशी कोणी म्हटले असते तर मी काय केले असते, असे अण्णांनी एकदा मला विचारले. मी म्हटले, घेतली असती. ‘मग शंका कशाला काढतोस?’ ते म्हणाले. मी म्हटले, घेतली असती म्हणूनच काढतो.