धाराशिवची लेणी : बालाघाटच्या दरीतील एक न सुटलेले कोडे

मराठवाड्यातील लेणी म्हटले की अजिंठा, वेरूळ आणि फार तर छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठामागील डोंगरातील लेणी एवढीच नावे पुढे येतात. धाराशिव शहरापासून आठेक किलोमीटरवर, बालाघाट डोंगररांगेतील एका दरीत असलेल्या सात लेण्यांच्या वाट्याला मात्र फारशी वर्दळ आलेली नाही. तुळजापूरला भवानीमातेच्या दर्शनासाठी दरवर्षी लाखो भाविक येतात. त्यांपैकी फारच थोड्यांची पावले तेथून पुढे या दरीकडे वळतात.

पुण्या-मुंबईहून येणाऱ्या भटक्यांनी येथे सह्याद्रीतल्यासारख्या घनदाट सदाहरित अरण्याची अपेक्षा ठेवू नये. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. वर्षाकाठी सरासरी सात-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही भरवशाचा नसतो. बाभूळ, बोर, पळस, सीताफळ अशी काटक झाडेझुडपे आणि उघडा खडक हेच येथले वैभव. तरीही श्रावण-भाद्रपदात चांगला पाऊस झालेला असेल, तर याच उजाड टेकड्या हिरव्या होतात, ओहोळ वाहू लागतात आणि दरीकाठची पायपीट सुखाची होते. वैशाखात हीच वाट परीक्षा पाहते.

लेण्यांपैकी दुसरे लेणे सर्वांत मोठे आहे. त्याचा मंडप सुमारे ८० फूट लांब आणि जवळपास तितकाच रुंद आहे. आत खांबांच्या रांगा, कडेने भिक्षूंच्या निवासाच्या खोल्या आणि मागील भिंतीत गाभारा, ही रचना अजिंठ्यातील वाकाटककालीन विहारांशी जुळते. गाभाऱ्यात पद्मासनस्थ मोठी मूर्ती आहे. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत आल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत ती दिसत नाही. मग हळूहळू आकार घेते. ही मूर्ती कोणाची, या प्रश्नावर गेली दीडशे वर्षे चर्चा चालू आहे.

या लेण्यांची पहिली शास्त्रशुद्ध पाहणी जेम्स बर्जेस यांनी १८७५-७६ च्या हंगामात केली. हा मुलूख त्या वेळी हैदराबादच्या निजामाच्या अमलाखाली होता. बर्जेस यांचा बिदर व औरंगाबाद जिल्ह्यांतील पुरावशेषांवरील अहवाल १८७८ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. पुढे १८८० मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्यासह लिहिलेल्या भारतीय लेण्यांवरील ग्रंथात त्यांनी धाराशिवचा समावेश जैन लेण्यांत केला. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांचे मत वेगळे. अजिंठ्याच्या प्रेरणेने पाचव्या ते सातव्या शतकाच्या सुमारास कोरलेली ही मूळची बौद्ध लेणी असून, बाराव्या शतकाच्या सुमारास त्यांचे जैन लेण्यांत रूपांतर झाले, असे त्यांनी मांडले.

बुद्ध आणि तीर्थंकर यांच्या ध्यानस्थ मूर्ती ओळखण्याच्या खुणा अभ्यासकांनी ठरवल्या आहेत. मस्तकावर नागफणा असेल तर पार्श्वनाथ. आसनावर धर्मचक्र आणि दोन्ही बाजूंना हरणे असतील तर बुद्ध. मूर्ती झिजलेली असली, तिच्यावर नंतरच्या काळात हात फिरलेला असला, की या खुणा दगा देतात. त्यात बालाघाटचा हा खडक अजिंठ्याच्या खडकापेक्षा ठिसूळ. लेण्यांचे दर्शनी भाग ढासळले आहेत, खांब झिजले आहेत, पावसाचे पाणी झिरपत राहते. वाद मिटण्याआधी पुरावाच मातीला मिळेल की काय, अशी शंका हे सारे पाहताना आल्यावाचून राहत नाही.

या लेण्यांचा एक आगळा साक्षीदार मात्र दगडात नाही, ग्रंथात आहे. मुनी कनकामर यांनी साधारण अकराव्या शतकात अपभ्रंश भाषेत रचलेले ‘करकंडचरिउ’ हे दहा संधींचे काव्य. डॉ. हिरालाल जैन यांनी ते संपादित केले आणि विदर्भातील कारंजा येथील जैन ग्रंथमालेतून १९३४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. चंपेचा राजा करकंड दक्षिणेच्या मोहिमेवर असताना तेरापूर येथे मुक्काम करतो. तेथील डोंगरात एक लेणे आहे आणि वर एका वारुळाची एक हत्ती रोज पाणी व कमळ वाहून पूजा करतो, असे त्याला कळते. वारूळ खणल्यावर पार्श्वनाथाची मूर्ती मिळते. लेण्यातील मूळ मूर्तीच्या सिंहासनावर मात्र एक गाठ दिसते. ती फोडू नये, आत पाणी आहे, असा इशारा मिळूनही राजा हट्टाने ती फोडायला लावतो आणि उसळलेल्या पाण्याने लेणे भरून जाते. पश्चात्तापदग्ध राजा मग नवी लेणी कोरवतो, अशी कथा आहे. मूळचे लेणे नील व महानील या विद्याधरांचे, असेही काव्य सांगते.

काव्यातील तेरापूर म्हणजे जिल्ह्यातलेच तेर आणि त्यातील लेणी म्हणजे ही धाराशिवची, असे हिरालाल जैन यांनी प्रतिपादन केले. तेर म्हणजे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलेले तगर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले होते. तेथील माल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जाई. अशा श्रीमंत व्यापारी नगराच्या परिसरात लेणी कोरण्यासाठी आश्रयदाते मिळाले असतील, हे सहज पटते. ते कोणत्या धर्माचे, याचे उत्तर काव्यही देत नाही; ते जैन मुनीने, लेणी खोदली गेल्यानंतर काही शतकांनी लिहिले आहे. गंमत अशी की, करकंड जैनांच्या उत्तराध्ययन परंपरेत प्रत्येकबुद्ध म्हणून येतो आणि बौद्धांच्या कुंभकार जातकातही करंडू या नावाने तोच मान मिळवतो. लेण्यांप्रमाणे राजावरही दोघांचा हक्क!

सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून शहर उस्मानाबाद झाले, तरी लेणी धाराशिवचीच राहिली. २०२३ मध्ये शहराला आणि जिल्ह्यालाही अधिकृतपणे ते जुने नाव परत मिळाले.

सोलापूरहून धाराशिव सुमारे सत्तर किलोमीटर असून एस.टी. आणि रेल्वे या दोन्ही सोयी आहेत. सकाळी लेणी पाहून दुपारी तेर गाठता येते. तेथील त्रिविक्रम मंदिर, संत गोरोबाकाकांचे समाधिस्थान आणि रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले वस्तुसंग्रहालय यांना निदान अर्धा दिवस हवा. झाडी आणि पक्षी यांची ओढ असलेल्यांनी येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यासाठी दुसरा दिवस राखून ठेवावा. लेण्यांकडे जाताना पिण्याचे पाणी आणि बॅटरी सोबत असावी. पावसाळ्यात दरीतील खडक निसरडे होतात, वटवाघळांचा वावरही असतो. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी दिवेलागणीपूर्वी परतावे.